वाचक विचारतात: गॅलिलिओनं नेमकं केलं तरी काय?

मागच्या अंकातल्या दुर्बिणीवरच्या लेखानंतर जी पत्रं आली, त्यांत गॅलिलिओच गॅलिलिओ आहे. काही पत्रं भक्तीची, काही भांडणाची. भांडणाची आधी घेतो, कारण प्रश्न त्यांतच चांगले असतात.

प्रश्न (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी): दुर्बीण गॅलिलिओनं शोधली नाही. सूर्य मध्यभागी ही कल्पना कोपर्निकसची, ग्रहांच्या कक्षांचे नियम केप्लरचे, गुरुत्वाकर्षण न्यूटनचं. मग त्याला आधुनिक विज्ञानाचा जनक म्हणून डोक्यावर का घ्यायचं?

उत्तर: तुमची यादी बरोबर आहे. मी तिच्यात आणखी भर घालतो. दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढणाराही तो पहिला नव्हे. इंग्लंडमध्ये थॉमस हॅरियटनं १६०९च्या उन्हाळ्यात ते काम केलं होतं, गॅलिलिओच्या जवळपास चार महिने आधी. दुर्बीण तर हॉलंडमधल्या चष्मेवाल्यांची. हान्स लिपरहे यानं १६०८ मध्ये तिच्या हक्कासाठी अर्ज केला, पण आणखी दावेदार उभे राहिले आणि हक्क कुणालाच मिळाला नाही. गॅलिलिओच्या कानावर बातमी आली ती पुढच्या वर्षी.

जनक वगैरे बिरुदं मी वापरत नाही. पण हॅरियटचं चित्र आणि गॅलिलिओचं चित्र शेजारी ठेवून पाहा. हॅरियटनं उजेड आणि अंधार यांच्यामधली वेडीवाकडी रेघ काढली, थोडे काळे डाग काढले आणि तारीख घालून कागद ठेवून दिला. गॅलिलिओनं तीच रेघ पाहिली आणि त्याचं लक्ष गेलं ते रेघेच्या पलीकडे, अंधाऱ्या भागात सुटे सुटे चमकणाऱ्या ठिपक्यांकडे. तास-दोन तासांत हे ठिपके मोठे होत, एकमेकांना मिळत आणि उजळ भागाला जाऊन चिकटत. म्हणजे ही डोंगरांची शिखरं. खाली दरीत अजून रात्र आणि माथ्यावर ऊन पोचलेलं.

इथवर येणारे पुष्कळ असतात. तो पुढे गेला आणि गणित मांडलं. असे काही ठिपके सीमारेषेपासून चंद्राच्या व्यासाच्या एक विसांशाहूनही लांब होते. चंद्राचा व्यास त्यानं २००० इटालियन मैल धरला. त्याचा विसावा भाग १०० मैल, त्रिज्या १००० मैल. आता काटकोन त्रिकोण: एक बाजू १०००, दुसरी १००. कर्ण, म्हणजे चंद्राच्या केंद्रापासून शिखरापर्यंतचं अंतर, येतो १००४ च्या वर. त्रिज्या वजा करा, उरतात चार मैलांहून थोडे जास्त. ही झाली डोंगराची उंची. शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय, आणि त्यावर चंद्रावरचा डोंगर मोजला! आजचे आकडेही काही किलोमीटरांचेच आहेत. आकाशातल्या वस्तू गुळगुळीत, निर्दोष आणि पृथ्वीहून वेगळ्या द्रव्याच्या असतात, हे ॲरिस्टॉटलपासून चालत आलेलं मत. त्याच्याशी तो वादाला बसलाच नाही. उंची काढून मोकळा झाला.

दुसरं उदाहरण गुरूचं. ७ जानेवारी १६१०, इटलीतलं पादुआ. गुरूजवळ तीन बारीक तारे एका सरळ रेषेत, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. तो त्यांना साधे तारेच समजला. ८ तारखेला पाहतो तर तिन्ही पश्चिमेला! आता पंचाईत अशी, की गणितानुसार गुरू त्या दिवसांत वक्री होता, म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पश्चिमेकडे सरकत होता. तो ताऱ्यांच्या पूर्वेला जाईलच कसा? त्याची पहिली शंका गेली ती पंचांगावर, गुरू वक्री नसून मार्गी तर नाही? ९ तारखेला ढग. १० तारखेला दोनच तारे दिसले, दोन्ही पूर्वेला. तेव्हा त्याला कळून चुकलं, की हलताहेत ते तारे. तिसरा गुरूच्या मागे किंवा त्याच्या झगमगाटात लपला असावा. १३ तारखेला चौथा सापडला. म्हणजे हे तारे नव्हेत, गुरूभोवती फिरणारे चंद्र.

त्याच्या दुर्बिणीचं दृष्टिक्षेत्र जेमतेम अर्ध्या चंद्राएवढं होतं. गुरू मध्ये धरला, तर लांबचा चौथा चंद्र कधी कधी नजरेच्या बाहेरच पडायचा. नळी इकडून तिकडे हलवत शोधावं लागे. अशा अवस्थेत त्यानं २ मार्चपर्यंत, आभाळ मोकळं असेल त्या प्रत्येक रात्री नोंद ठेवली. तारीख, सूर्यास्तानंतर किती तास, कोणता ठिपका गुरूपासून किती कलांवर (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), लहान की मोठा. १३ मार्चला व्हेनिसमध्ये पुस्तक छापून तयार. ५५० प्रती. त्याचा मोठा भाग म्हणजे या नोंदीच. वाचायला कंटाळवाण्या आहेत. पण माझ्या मते ही कंटाळवाणी पानंच पुस्तकाचा प्राण आहेत. ‘मी पाहिलं’ एवढंच सांगून तो थांबला नाही. कोणत्या तासाला, कुठे, किती, हे त्यानं सांगितलं. ज्याला खोटं पाडायचं असेल, त्याच्या हातात त्यानं स्वतःच हत्यार दिलं.

लोकांनी ते वापरूनही पाहिलं. एप्रिलमध्ये बोलोन्यात त्यानं विद्वानांना दुर्बीण दाखवली, पण बऱ्याच जणांना काही धड दिसलं नाही. त्यांना सरसकट मूर्ख म्हणायची आपल्याकडे सवय आहे. ते मला पटत नाही. ती दुर्बीण खरोखरच कटकटीची होती. केप्लरनं मात्र उन्हाळ्याच्या शेवटी प्रागमध्ये एक दुर्बीण मिळवली आणि फार शहाणपणाची गोष्ट केली. बरोबरच्या प्रत्येकानं जे दिसलं ते दुसऱ्याला न दाखवता काढायचं आणि मग चित्रं ताडून पाहायची. चित्रं जुळली. पुढच्या वर्षी रोममधल्या जेझुइट (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) गणितज्ञांनीही चंद्र आहेत असं मान्य केलं. हे कोपर्निकसच्या बाजूचे नव्हते. आज एका प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसरी प्रयोगशाळा तपासते तेव्हा यापेक्षा वेगळं काय करते?

प्रश्न (एक निवृत्त बँक अधिकारी): गुरूला चार चंद्र आहेत हे कळलं, छान झालं. पण त्यानं विज्ञानात प्रत्यक्ष काय फरक पडला? की हे निव्वळ कौतुक?

उत्तर: बँकेतल्या माणसानं हिशेब मागितलाय, तर हिशेबच देतो.

पहिला फायदा लगेचचा. पृथ्वी फिरत असती तर चंद्र तिच्या मागे राहून गेला असता, असा कोपर्निकसविरुद्ध एक आक्षेप होता. गुरू फिरतो हे तर सगळ्यांनाच मान्य होतं, आणि तो चार चार चंद्र बरोबर घेऊन फिरताना दिसत होता. आक्षेप तिथेच बसला. यानं पृथ्वी फिरते हे सिद्ध होत नाही, एवढं ध्यानात असू द्या. पण वाटेतला एक धोंडा गेला.

खरी कमाई पुढे आहे आणि ती गॅलिलिओच्या मृत्यूनंतर हाती आली. या चंद्रांच्या फेऱ्या नियमित आहेत. सर्वांत आतल्या आयोला साडेबेचाळीस तास लागतात, सर्वांत बाहेरच्या कॅलिस्टोला सुमारे पावणेसतरा दिवस. दर फेरीत आयो गुरूच्या सावलीत शिरतो आणि दिसेनासा होतो. हा क्षण पृथ्वीवर जिथून जिथून गुरू दिसतो तिथून एकदमच दिसतो. म्हणजे आकाशात एक घड्याळ टांगलेलं आहे आणि ते सगळ्या देशांना सारखीच वेळ दाखवतं. स्थानिक वेळ आणि या घड्याळाची वेळ यांतल्या फरकावरून रेखांश निघतो. त्या काळी समुद्रावर रेखांश कळत नसल्यानं जहाजंच्या जहाजं बुडत होती. गॅलिलिओनं ही कल्पना आधी स्पेनच्या आणि नंतर हॉलंडच्या सरकारला देऊ केली. डोलणाऱ्या जहाजावर दुर्बीण स्थिर राहावी म्हणून डोक्यावर घालायचं एक शिरस्त्राणही त्यानं केलं. समुद्रावर हे काही जमलं नाही. जमिनीवर मात्र उत्तम जमलं. १६६८ मध्ये कासिनी या इटालियन ज्योतिर्विदानं या चंद्रांची चांगली कोष्टकं छापली आणि त्यांच्या आधारानं फ्रान्सचा नकाशा नव्यानं मोजला, तेव्हा पश्चिम किनारा बराच आत सरकला. सैन्यानं मिळवला त्याहून जास्त मुलूख ज्योतिर्विदांनी घालवला, असं राजा चौदावा लुई म्हणाला म्हणतात.

आणि आता मुद्दल. पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमर नावाचा तरुण डॅनिश माणूस आयोची ग्रहणं मोजत होता. त्याच्या लक्षात आलं, की पृथ्वी गुरूपासून दूर जात असते त्या महिन्यांत ग्रहणं कोष्टकापेक्षा उशिरा लागतात, आणि जवळ येत असते तेव्हा लवकर. आयो काही आपल्यासाठी पावलं हळू टाकणार नाही. उशीर होतोय तो बातमी पोचायला!

आकडे मांडून पाहा. आयोची एक फेरी सुमारे १,५२,८५० सेकंदांची. तेवढ्या वेळात पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर या वेगानं साधारण ४५ लाख किलोमीटर जाते. ती सरळ गुरूपासून दूर जात असेल, तर पुढच्या ग्रहणाच्या प्रकाशाला एवढं जादा अंतर कापावं लागतं. त्याला लागतात १५ सेकंद. एका फेरीतले १५ सेकंद पकडणं त्या काळी अवघडच, कारण ग्रहण नेमकं केव्हा लागलं हेच तेवढ्या बारकाईनं सांगता येत नसे. पण उशीर साठत जातो. रोमरनं १६७६च्या सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या अकादमीला सांगून ठेवलं, की ९ नोव्हेंबरचं ग्रहण हिशेबापेक्षा १० मिनिटं उशिरा दिसेल. तसंच दिसलं.

प्रकाशाला वेग आहे, तो क्षणात पोचत नाही, याचा हा पहिला भक्कम पुरावा. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला प्रकाशाला २२ मिनिटं लागतात असं रोमरनं काढलं. खरा आकडा साडेसोळा मिनिटांच्या थोडा वर आहे. कासिनीला हे पटलं नाही आणि वाद बरीच वर्षं चालला. १७२८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रॅडली या ज्योतिर्विदानं ताऱ्यांच्या किंचित सरकण्यावरून वेगळ्याच मार्गानं प्रकाशाचा वेग काढला, तेव्हा शंका मिटली. आज तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर धरतात, आणि १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावर बेतलेली आहे.

यातली गंमत सांगायची राहिली. गॅलिलिओनं स्वतः प्रकाशाचा वेग मोजायची युक्ती सुचवली होती. दोन माणसांनी रात्री झाकणाचे कंदील घेऊन लांब उभं राहायचं. एकानं झाकण उघडलं की दुसऱ्यानं ते पाहून आपलं उघडायचं. मैलभरापेक्षा कमी अंतरावर त्यानं करून पाहिलं, काहीच कळलं नाही, आणि तसं त्यानं सरळ लिहिलं: प्रकाश तत्क्षण पोचत नसेल तर फार म्हणजे फारच वेगवान आहे. ज्याला कंदिलानं जमलं नाही त्यानंच शोधलेल्या चंद्रांनी ते काम केलं. आणि रोमरच्या काळात ग्रहणाच्या वेळा ज्या घड्याळांवर घेत ती लंबकाची. लंबकाच्या झोक्याला जवळपास ठरावीक वेळ लागतो, हेही गॅलिलिओनंच जगापुढे आणलं होतं.

प्रश्न (विज्ञानाच्या एक शिक्षिका): पिसाच्या मनोऱ्यावरून त्यानं दोन गोळे टाकले ही गोष्ट मुलांना सांगावी की नाही?

उत्तर: बाई, सांगा, पण ‘असं म्हणतात’ या शब्दांनी. ती गोष्ट येते त्याचा शिष्य विव्हियानी यानं पुढे लिहिलेल्या चरित्रातून. गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणात त्या मनोऱ्यावरच्या जाहीर प्रयोगाचं वर्णन नाही. उलट हॉलंडमध्ये सायमन स्टेव्हिननं असा प्रयोग केल्याचं १५८६ मध्ये छापलं होतं: दहापट वजनाचा फरक असलेले शिशाचे दोन गोळे ३० फुटांवरून टाकले, तर फळीवर एकच आवाज आला.

मनोऱ्याच्या नादात मुलांना त्याहून सुंदर प्रयोग सांगायचा राहून जातो. वरून टाकलेला गोळा इतक्या झटकन खाली येतो, की त्या काळच्या साधनांनी काही मोजताच येत नाही. गॅलिलिओनं पडणं मंद केलं. बारा हात लांबीची लाकडी तुळई घेतली, तिच्यात सरळ पन्हळ कोरली, आत घासून गुळगुळीत केलेलं चर्मपत्र चिकटवलं. एक टोक थोडं उचललं आणि ब्रॉन्झचा गोळा सोडला. वेळ मोजायला घड्याळ नाही. मोठ्या भांड्याच्या बुडाला बारीक नळी लावली. गोळा सुटला की पाण्याची धार पेल्यात घ्यायची, गोळा पोचला की बंद करायची, आणि जमलेलं पाणी तराजूवर तोलायचं. म्हणजे त्यानं वेळेचं वजन केलं! शंभर शंभर वेळा करून पाहिलं आणि फरक नाडीच्या ठोक्याच्या दहाव्या भागाएवढाही आला नाही, असं तो लिहितो.

निघालं ते असं: पन्हळीचा चौथा हिस्साच कापायचा असेल तर वेळ निम्मा लागतो. अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. मुलांना समजेल असं सांगायचं तर सारख्या कालखंडांत गोळा १, ३, ५, ७ अशा विषम आकड्यांच्या प्रमाणात पुढे जातो. वर्गात लांब ॲल्युमिनियमची पट्टी आणि काचेची गोटी घेऊन हे करता येतं. पट्टीवर १, ४, ९, १६ या अंतरांवर दोरे आडवे ताणून बांधा. गोटी दोऱ्यावरून टक् टक् करत जाते आणि आवाज सारख्या अंतरानं येतात. स्टिलमन ड्रेक या अभ्यासकाचा तर्क असा, की गॅलिलिओनंही असंच काहीतरी केलं असावं. वाद्याच्या पडद्यांसारख्या तारा गुंडाळून तो कानानं ताल जुळवत असावा. बाप संगीतज्ञ, घरात ल्यूट हे तंतुवाद्य वाजायचं. सिद्ध झालेलं नाही, पण मला हा तर्क भारी आवडतो.

जड आणि हलकी वस्तू बरोबरच पडते का, हे मात्र अजून मोजताहेत. २ ऑगस्ट १९७१ला अपोलो-१५च्या डेव्हिड स्कॉटनं चंद्रावर हातोडा आणि ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हवा नाही, दोन्ही बरोबरच पडले. २०१६ मध्ये सोडलेल्या मायक्रोस्कोप या फ्रेंच उपग्रहानं दोन धातूंचं पडणं ताडून पाहिलं. १००० लाख कोटींत एक भाग इतक्या बारकाईपर्यंत फरक सापडला नाही. आइनस्टाइनचं व्यापक सापेक्षतेचं सगळं घर याच एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून तर एवढा खटाटोप. हा व्हिडिओ मुलांना नक्की दाखवा. चंद्रावरचा म्हणतोय मी, उपग्रहात पाहण्यासारखं काही नाही.

प्रश्न (सही नाही): त्याला तुरुंगात डांबून छळ केला आणि तरी तो पृथ्वीबद्दल ‘फिरतेच ती’ म्हणाला, हे खरं ना?

उत्तर: २२ जून १६३३ला रोममध्ये चर्चच्या न्यायासनानं त्याला गुडघे टेकून, पृथ्वी फिरते हे आपलं मत सोडायला लावलं, हे खरं. छळाची धमकी होती, प्रत्यक्ष छळ झाल्याचा पुरावा नाही. शिक्षा कैदेची, पण ती नजरकैदेत बदलली. शेवटची आठ वर्षं तो फ्लॉरेन्सजवळ आर्चेत्रीच्या घरात होता. ‘फिरतेच ती’ हे उद्गार त्या दिवशी तिथे काढणं म्हणजे आगीत हात घालणं होतं आणि त्या प्रसंगाच्या कागदपत्रांत ते कुठेही नाहीत.

या गोष्टीत आपण अडकून पडतो, आणि नजरकैदेत त्यानं काय लिहिलं हे विचारायचं राहतं. वर सांगितलेला उतरणीचा प्रयोग, कंदिलांची युक्ती, हे सगळं त्या वर्षांत पुरं केलेल्या पुस्तकातलं. ते १६३८ मध्ये हॉलंडमध्ये लायडेनला छापलं, कारण इटलीत छापायची सोय नव्हती. हातात प्रत आली तोवर त्याची दृष्टी गेली होती. त्यातच एक हाडाचं चित्र आहे. प्राणी तिप्पट लांबीचा केला, तर हाड तिप्पट जाड करून भागत नाही. वजन २७ पट होतं आणि हाडाचा छेद, ज्यावर त्याची ताकद ठरते, तो नऊच पट. म्हणून हाड बेढब जाडजूड काढावं लागतं. राक्षसांच्या गोष्टी तिथे संपल्या आणि पुलांची, इमारतींची गणितं तिथून सुरू झाली.

प्रश्न (एक नियमित वाचक): सगळेच त्याची आरती ओवाळतात. तो चुकला नाही का कुठे?

उत्तर: चुकला की. चांगलाच चुकला. भरती-ओहोटी पृथ्वीच्या हलण्यामुळे पाण्याला बसणाऱ्या हिसक्यांनी होते असं त्याचं म्हणणं, आणि पृथ्वी फिरते याचा तो हाच मोठा पुरावा समजे. चंद्रामुळे भरती येते असं म्हणणाऱ्या केप्लरची त्यानं टिंगल केली. धूमकेतू ही प्रकाशाची करामत असावी असं त्यानं सुचवलं, तिथेही विरोधकच खऱ्याच्या जास्त जवळ होते. आणि लंबवर्तुळाकार कक्षा त्यानं कधी मनावर घेतल्या नाहीत. केप्लरचं पुस्तक १६०९चं, गॅलिलिओ त्यानंतर तीस वर्षांहून जास्त जगला, तरी वर्तुळं सोडली नाहीत.

शुक्राच्या चंद्रासारख्या कलांबद्दलही थोडं जपून बोलायला हवं. १६१०च्या शेवटी त्याला दिसलं, की शुक्र आधी लहान आणि गोल, मग अर्धा, मग मोठी कोर असा बदलतो. टॉलेमीच्या जुन्या, पृथ्वी मध्यभागी मानणाऱ्या रचनेत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मध्येच राहतो, तिथे तो जवळपास पूर्ण उजळलेला दिसणं शक्यच नाही. तेव्हा टॉलेमी बाद. पण ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती, अशी टायको ब्राहे या डॅनिश ज्योतिर्विदाची तडजोड होती. तिच्यात शुक्राच्या कला अगदी अशाच दिसतात. गॅलिलिओनं टायकोचं नाव घ्यायचं टाळून आपलंच खरं असल्यासारखा रेटा लावला. वकील म्हणून तो पट्टीचा होता. न्यायाधीश म्हणून त्याला बसवू नये.

प्रश्न (दहावीतली एक मुलगी): नेपच्यून त्यानंच आधी पाहिला होता असं वाचलं. मग शोध त्याच्या नावावर का नाही?

उत्तर: पाहिला होता, पण ग्रह म्हणून ओळखला नाही. १६१२च्या डिसेंबरअखेर आणि पुन्हा २८ जानेवारी १६१३ला गुरूच्या चंद्रांच्या आकृत्या काढताना त्यानं जवळचा एक तारा खुणेसाठी टिपून ठेवला. हिशेब केला तर तिथे नेपच्यून होता. १९८० मध्ये चार्ल्स कोवाल आणि स्टिलमन ड्रेक (हो, तोच) यांनी जुन्या वह्या चाळून हे शोधलं. जानेवारीच्या नोंदीत तर त्यानं लिहिलंय, की शेजारच्या ताऱ्यापासून हा आदल्या रात्री जास्त लांब वाटला होता. एवढं हातात येऊनही तो मागे लागला नाही, त्याला गुरूचे चंद्र हवे होते. नेपच्यून सापडला १८४६ मध्ये, ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या गणितावरून बर्लिनला गाले यानं दुर्बीण वळवली तेव्हा. पाहणारा आणि ओळखणारा यांत श्रेय ओळखणाऱ्याला मिळतं, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न (एक आजोबा): नातवंडांना यातलं काही घरच्या घरी दाखवता येईल का? गुरूचे चंद्र आणि सूर्यावरचे डाग दाखवावेत असं मनात आहे.

उत्तर: गुरूचे चंद्र अगदी सहज. १०×५०ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगाची) बायनॉक्युलर पुरते. तिचं भिंग गॅलिलिओच्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी चांगलं, मोठं करून दाखवायची ताकद मात्र तिच्या निम्मी. हातात धरलीत तर ठिपके नाचतील आणि मुलं ‘काही दिसत नाही’ म्हणून निघून जातील. तिपाईवर बसवा, नाहीतर भिंतीला पाठ टेकून आणि कोपर गुडघ्यावर रोवून बघा. गुरूचा गोळा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत दोन, तीन किंवा चार ठिपके दिसतील. प्रत्येक मुलाला वेगळा कागद द्या आणि एकमेकांचा पाहू देऊ नका, केप्लरसारखं. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायला लावा. एका रात्रीत आयो गुरूच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गेलेला असू शकतो, तेव्हा दोन रात्रींतच मुलांना फरक दिसेल.

सूर्याचं मात्र ऐका. बायनॉक्युलर किंवा दुर्बीण डोळ्याला लावून सूर्याकडे क्षणभरसुद्धा पाहायचं नाही, मुलांना तर उपकरणाजवळ एकटं सोडायचंच नाही. गॅलिलिओचा शिष्य कास्तेली यानं यावर तोड काढली होती. सूर्याची प्रतिमा मागे धरलेल्या कागदावर पाडायची आणि डागांवर सरळ पेन्सिल फिरवायची. १६१२च्या उन्हाळ्यात गॅलिलिओनं असेच रोजचे कागद काढले. डाग एका कडेकडून दुसरीकडे सरकतात यावरून सूर्य स्वतःभोवती साधारण महिन्यात एक फेरी घेतो असं त्यानं काढलं. सूर्याकडे पाहून तो आंधळा झाला असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं, पण त्याची दृष्टी गेली ती त्यानंतर पंचवीस वर्षांनी, सत्तरी उलटल्यावर. तुम्ही कागदावर प्रतिमा पाडाल तेव्हा बायनॉक्युलरचं पुढचं, सूर्याकडचं एक भिंग टोपणानं झाका, आणि दर मिनिटा-दोन मिनिटांनी तिचं तोंड सूर्यापासून वळवून घ्या, नाहीतर आतली भिंगं तापून खराब होतात.